खालून बोलणारा

गाडीचं ऑइल मी घरीच बदलतो. हौस म्हणून नव्हे. गॅरेजवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही म्हणून. मागे एकदा जुन्या फिल्टरच्या बुडाला खडूनं बारीकशी फुली मारून मी गाडी गॅरेजात सोडली होती. संध्याकाळी आणायला गेलो तर तो म्हणाला, "एकदम नवा फिल्टर टाकलाय साहेब, बघत राहा." घरी येऊन वाकून बघितलं. फुली जागच्या जागी. तेव्हापासून पाना माझा आणि हातही माझेच.

माझी नोकरी दुकानदारांचे तराजू आणि पेट्रोलपंपांची मापं तपासण्याची. दिवसभर लोकांच्या लबाड्या मोजल्यावर माणसाच्या जिभेवर साखर राहत नाही. ती माझ्याही राहिलेली नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही.

कामाची पद्धत ठरलेली आहे. आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, म्हणजे ऑइल कोमट होऊन सुटं होतं. मग गाडीची पुढची बाजू जॅकवर उचलायची, दोन्हीकडे लाकडी ठोकळे द्यायचे, जुनी सतरंजी अंथरायची आणि पाठीवर सरकत आत जायचं. ऑइलच्या चेंबरखालचा नट सैल केला की जळकं ऑइल आधी उसळी मारून येतं, मग त्याची काळी जाड धार लागते आणि शेवटी थेंब. थेंब थांबेपर्यंत घाई करायची नाही. पडून राहायचं. नाकाशी तापलेलं लोखंड, पाठीला गार फरशी आणि कानाशी घमेल्यात पडणारा एकेक थेंब. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भरदिवसाही अर्धवटच उजेड असतो. गाडीखालून तर जग फक्त घोट्यापर्यंत दिसतं. चपला, बूट, कुणाची तरी बादली, एखादं मांजर.

आणि एक नियम आहे. तो माझ्या वडिलांचा. ते ट्रक चालवायचे. त्यांच्या ओळखीतला एक जण रस्त्याकडेला ट्रकखाली काम करत असताना जॅक सरकला आणि पलीकडे चहा पीत बसलेल्या माणसांना त्याचा पत्ताही लागला नाही. त्यानंतर वडिलांनी ठरवूनच टाकलं. एक जण गाडीखाली गेला की दुसऱ्यानं वर उभं राहायचं. वरच्यानं मधूनमधून विचारायचं, "आहेस ना?" खालच्यानं सांगायचं, "आहे." उत्तर आलं नाही तर वाकून बघत बसायचं नाही, आधी जॅक चढवायचा. लहानपणी वर मी उभा राहायचो. लग्न झाल्यावर मी खाली गेलो आणि वर बायको उभी राहू लागली.

"अहो, आहात ना?"

"आहे."

अलीकडे आमच्यात सलग म्हणावं असं बोलणं एवढंच उरलं होतं.

आमची मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली आहे. तिला आठवा महिना लागला होता. एका शनिवारी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता बायको म्हणाली, "महिनाअखेरीला जातेय मी तिच्याकडे. तिकीट काढलंय."

"परत कधी?"

तिनं माझाच शर्ट झटकला. चार थेंब माझ्या तोंडावर उडाले. "ते अजून ठरवलं नाही," ती म्हणाली.

मी "बरं" म्हणालो.

ती बाळंतपणाला जात नव्हती, ती जात होती. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि बहुतेक फोनवरून मुलीनंच हे तिच्या डोक्यात भरवलं होतं. जाऊ नकोस. दोनच शब्द. पण ते मी का म्हणावे? इतकी वर्षं एका घरात काढलेल्या माणसानं तिकीट काढण्याआधी विचारायला नको? दूधवाल्याला उद्यापासून दूध नको म्हणून सांगतात, तसं मला सांगितलं गेलं. मला राग आला होता आणि अजूनही येतो.

दुसऱ्या दिवशी ऑइल बदलायचं होतं. ठरलेलं काम, ते काही माझ्या रागासाठी थांबणार नव्हतं. मी खाली गेलो, मागोमाग ती आली. गाडीखालून मला तिच्या निळ्या रबरी सपाता दिसत होत्या. एका पायाच्या अंगठ्यानं ती दुसऱ्या पायाचा घोटा खाजवत होती. फोनमधून कसलं तरी गाणं सुरू होतं, मधेच बंद होऊन दुसरं लागत होतं. म्हणजे लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

नट काढला. धार लागली.

"आहात ना?" तिनं विचारलं. फोनमध्ये डोकं घालूनच विचारलं असणार.

मी उत्तर दिलं नाही.

मुद्दामच दिलं नाही. म्हटलं, घाबरू दे जरा. एकदा तरी हिच्या पोटात खड्डा पडू दे. सपाता जागच्या हलल्या नाहीत. गाणं बदललं.

"अहो, आहात ना?"

मी ओठ घट्ट मिटून वरच्या काळ्या लोखंडाकडे बघत राहिलो.

"आहे."

आवाज माझा होता. जरा खरखरीत, जरा वैतागलेला, शेवटचं अक्षर गिळणारा. पण तो माझ्या तोंडातून आला नव्हता. माझ्या डाव्या हाताला, मागच्या चाकांच्या बाजूनं, फार तर हातभर अंतरावरून आला होता.

"मग पहिल्यांदाच सांगायचं की," बायको म्हणाली.

मान वळवायला तिथं जागा नसते. मी कशीबशी वळवली आणि बॅटरी मारली. चाक, सायलेन्सरचा गंजका नळ, धूळ. धुळीत लांबट असा एक पट्टा पुसल्यासारखा दिसत होता, कुणी पाठीवर सरकल्यावर दिसतो तसा. पण गाडीखाली वर्षानुवर्षं मीच सरकतो. त्यावरून काही सिद्ध होत नाही. सवयीनं आपल्याच तोंडून शब्द निघून गेला असणार, असा मी निष्कर्ष काढला. वॉशर बसवला, नट आवळला, नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं ऑइल लावून तो हातानं फिरवून घट्ट केला.

त्या आठवड्यात फरशीवर ऑइलचा एक डाग पडलेला दिसला. नट पाझरत होता. असं माझ्या हातून कधी होत नाही. पुढच्या रविवारी नवा वॉशर घेऊन पुन्हा खाली जाणं भाग होतं, आणि एकदा जायचंच आहे तर रीतसर तपासणी करू असं मी ठरवलं. तराजूवर संशय आला की आपण बोट लावत नाही, प्रमाणित वजन ठेवतो. मी खाली गेल्यावर बॅटरी दातांत धरली. चांगली जाड, लोखंडी बॅटरी. ती दातांत असताना कुणाच्याही बापाला बोलता येणार नाही.

निळ्या सपाता आल्या. आज फोनचा आवाज नव्हता.

"आहात ना?"

"आहे," तो म्हणाला.

माझे दात लोखंडावर करकरले. हनुवटीवरून लाळ गळत होती. बॅटरीचा उजेड वर चेंबरवर पडला होता आणि तो आवाज डाव्या बाजूनं अंधारातून येत होता. तो थांबलाही नाही.

"उभी किती वेळ राहशील?" तो म्हणाला. "जिना उतरताना कठडा धरतेस हल्ली. स्टूल घेऊन ये."

सपाता स्तब्ध झाल्या. मग फटक फटक करत दूर गेल्या. मला वाटलं, गेली, आता माणसं घेऊन येते. पण थोड्या वेळानं स्टुलाचे पाय फरशीवर टेकले आणि ती त्यावर बसली. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून, परक्या घरी बसावं तशी.

"दिसतं का तुम्हाला?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, तुमचं लक्षच नसतं."

ती कठडा धरते हे मी पाहिलं होतं. गेले कित्येक महिने पाहत होतो. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी काही काम नव्हतं. तरी मी फिल्टर बघायचा आहे म्हणालो आणि खाली गेलो. का गेलो, हे मला विचारू नका. महिनाअखेर जवळ आली होती. माळ्यावरची बॅग खाली आली होती आणि जेवायला जाताना मला बॅगेला वळसा घालावा लागत होता.

ती येऊन स्टुलावर बसली, पण आज "आहात ना" म्हणाली नाही. मग तो आपणहून म्हणाला, "जाऊ नकोस."

तिचा उजवा पाय हलायचा थांबला.

"तू नसलीस की घर खायला उठतं," तो म्हणाला. "मला येत नाही बोलायला. पण जाऊ नकोस."

सपातेच्या शेजारी फरशीवर एक थेंब पडला. तो ऑइलचा नव्हता. ती उठली आणि स्टूल तिथंच ठेवून जिना चढून वर गेली.

मी वर आलो तेव्हा बॅग माळ्यावर गेलेली होती. टेबलावर चहा होता. ती समोर बसली, आणि गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नसेल तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

"हे तोंडावर म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. काहीतरी बरं बोलावं असं मनात होतं.

"साखर कमी आहे," मी म्हणालो.

तिचा चेहरा पडला, मग ती हसली. वाईट नव्हती हसली. "राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही खालूनच बरे आहात."

तो मी नव्हतो असं सांगितलं असतं तर बॅग पुन्हा खाली आली असती. मी कशाला सांगू? तिकीट रद्द झालं. बाळंतपण मुलीच्या सासूबाई बघणार असं ठरलं. मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं. कुणी मिळवून दिलं याच्याशी मला काय करायचंय, असं मी स्वतःला सांगितलं.

पण रविवार उजाडला की ती माझ्याआधी तयार व्हायची. "आज ऑइल नाही का बघायचं?" नुकतंच बदललेलं ऑइल! नट काढला की मधासारखं पिवळं, कोरं, आरपार दिसणारं ऑइल घमेल्यात पडायचं. ते बघून माझा जीव जळायचा. मग मी तेच गाळून नरसाळ्यानं पुन्हा वर ओतू लागलो. पुढं पुढं नट काढायचंही सोडून दिलं. नुसता जाऊन पडायचो. दुसऱ्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर येता-जाता वाकून म्हणायचा, "अहो, लोक आंघोळीला जेवढं पाणी घेत नाहीत तेवढं ऑइल तुमच्या गाडीला!" मी काही बोलायच्या आत डावीकडून उत्तर जायचं, "तुमच्याकडे येणारे पेशंट तरी कुठं रोज दात घासतात?" डॉक्टर खो खो हसत जायचा. बायकोही हसायची. मला तो विनोद सुचला नसता. सुचला असता तरी मी केला नसता.

मी मधे पडलेला असायचो आणि माझ्या अंगावरून ते दोघं बोलायचे. तो तिला जुन्या गोष्टी सांगायचा. आमचं पहिलं घर, एकाच खोलीचं, भिंतीला ओल आलेलं. मुलगी लहानपणी तापानं फणफणली होती तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात मी रात्रभर उभा होतो आणि कुणी बघत नाही असं बघून रडलो होतो, ते. हे मी कुणाला म्हणजे कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्याच खिशात हात घालून तो माझ्याच बायकोला वाटत होता.

बरं, नुसतं वाटून थांबला असता तरी चाललं असतं. त्या दिवशी वर आल्यावर मी तो व्हरांडा आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. भिंतीचा रंग, औषधांचा वास, मुलीचा हात, काहीच नाही. मला फक्त त्यानं ते सांगितलेलं आठवत होतं, शब्दन् शब्द, त्याच्या आवाजात. जे जे त्यानं सांगितलं ते ते माझ्याकडून गेलं होतं.

त्याच सुमाराला लोक मला "काय म्हणालात?" असं विचारू लागले. मी एका किराणा दुकानात तराजू तपासायला गेलो, ओळखपत्र दाखवलं, वजनं मागितली. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलतच राहिला. मी टेबलावर हात आपटला तेव्हा त्यानं इकडेतिकडे बघितलं. कचेरीत साहेबांनी माझ्या टेबलावरचे कागद माझ्यासमोर उचलून दुसऱ्याकडे दिले आणि म्हणाले, "हा माणूस आलाच नाही वाटतं आज." मी त्यांच्यासमोर उभा होतो. मी तसं मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या कारकुनानं कान खाजवला.

घसा बसला असेल म्हणून घशाच्या डॉक्टरकडे गेलो. नंबर लावून बसलो. माझा नंबर कुणी पुकारलाच नाही.

घरी ती माझ्याशी वाईट वागत होती असं नाही. ताट वाढायची. पण वाढताना तिचं लक्ष दुसरीकडे असायचं, आणि एक दिवस ताट वाढलंच नाही. आपणहून कळतंय का बघू म्हटलं. नाही कळलं. बोलायचं असेल ते ती रविवारसाठी राखून ठेवायची. मी संतापलो. ज्या माणसानं हिला थांबवून घेतलं त्याची ही किंमत? म्हणजे, मी नव्हतं थांबवलं. पण शब्द तर माझेच होते!

मग एका रविवारी मी ठरवलं, आज खाली जायचं नाही. बघू काय करतात.

ती तयार झाली. मला काही विचारलं नाही. स्टूल घेतलं आणि गेली. मी थोड्या वेळानं जिन्यानं उतरलो आणि शेवटच्या वळणावर थांबलो. तिथून पार्किंग दिसतं.

गाडी चारही चाकांवर उभी होती. जॅक लावलेला नव्हता. खाली माणूस तर सोडाच, घमेलंसुद्धा सरकलं नसतं.

ती स्टुलावर बसली. पदर सारखा केला.

"आहात ना?"

"आहे," गाडीखालून उत्तर आलं. "आज उशीर केलास."

ती लाजली. माझ्या बायकोला लाजताना मी शेवटचं कधी बघितलं, तेही मला आता आठवत नाही. तेही त्यानं सांगून टाकलं असणार.

दातांचा डॉक्टर भाजीची पिशवी घेऊन आला. त्यानं नेहमीसारखी कमरेत वाकून हाक दिली, "काय, चाललंय का?" खालून आलं, "चाललंय." डॉक्टर हसला आणि जिन्याकडे वळला. माझ्या अगदी अंगावरून गेला. त्याची पिशवी माझ्या पोटाला घासली. त्यानं ती दुसऱ्या हातात घेतली, वाटेत ठेवलेल्या कुंडीला लागू नये म्हणून घेतात तशी.

"मी इथं आहे!" मी ओरडलो.

बायकोनं मान वर केली. वाऱ्यानं दार वाजल्यावर बघतात तसं जिन्याकडे बघितलं आणि पुन्हा गाडीकडे वळली.

"अहो, तुम्ही काही म्हणालात?" तिनं गाडीला विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "कुणी नाही तिकडे."

मी वर गेलो आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

मला काय करायचं होतं, ते मला नीट माहीत होतं. गाडी काढायची. पार्किंगमधून, रस्त्यावरून, गावाबाहेर, जिथं कुठं विकली जाईल तिथं. खाली कुणी नाही. हे मी स्वतः बॅटरी मारून बघितलेलं आहे. आणि असेल कुणी, तर चाकं त्याचं बघून घेतील.

मी दार उघडून आत बसलो. बायको गाडीला टेकून बसली होती. दार लागल्याचा आवाज झाला तेव्हा ती दचकून उठली.

मी इंजिन चालू केलं.

"थांबा!" ती किंचाळली. "थांबा, खाली माणूस आहे!"

ती बॉनेटसमोर आली. दोन्ही हातांनी पत्र्यावर थापा मारत होती. काचेतून ती थेट माझ्याकडे बघत होती. तिच्या माझ्यात फक्त काच आणि बॉनेट.

"कोण आहे आत? कोण आहे गाडीत?"

मी काच खाली केली. "मी आहे," मी म्हणालो. "अगं, मी आहे."

ती इकडून तिकडे बघत होती. तिचे डोळे माझ्या तोंडावरून, सीटवरून, मागच्या काचेवरून फिरले. कुठंच थांबले नाहीत.

पायाखाली, पत्र्याच्या पलीकडे, काहीतरी हललं. पाठ फरशीवर घासावी तसं. अगदी शांतपणे. त्याला घाई नव्हती.

गिअर टाकलेला होता, माझा पाय क्लचवर होता. नुसता उचलायचा होता.

ती गाडीपुढं उभी होती.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

माणसं धावत आली. दातांचा डॉक्टरही पिशवी टाकून आला. तो गुडघ्यांवर बसला, गाल फरशीला टेकवून त्यानं खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उठून गुडघे झटकले.

"बरे आहेत," तो बायकोला म्हणाला. "काही लागलेलं नाही. तुम्ही पाणी प्या आधी."

मी दार उघडून उतरलो आणि त्यांच्यामध्ये जाऊन उभा राहिलो. कुणी सरकलं नाही, कुणी जागा दिली नाही. बायको माझ्या शेजारून पुढं झाली. तिनं उघडं दार लोटून बंद केलं आणि किल्ली काढून कमरेला खोचली.

"वायरिंगमध्ये काहीतरी असेल," डॉक्टर म्हणाला. "आपोआप चालू होतात हल्ली."

"त्यांना सांगते बघायला," बायको म्हणाली.

संध्याकाळी फोन वाजला. मुलीचा होता. मी बायकोच्या समोरच्या खुर्चीवर बसलो होतो, आमचे गुडघे एकमेकांना लागतील इतक्या अंतरावर.

"अगं बाई! कधी?" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "मुलगी? ... तू कशी आहेस? जेवलीस का काही? ... कुणावर गेलीय? ... बाबांवर? कपाळ अगदी बाबांचं? बिचारी!"

ती हसत होती, रडत होती. मला नात झाली होती. माझं कपाळ घेऊन आली होती. मी हात पुढं केला.

"मला दे," मी म्हणालो. "फोन मला दे जरा."

"बाबा ना?" ती फोनमध्ये म्हणाली. "खाली आहेत, गाडीपाशी. हो गं, आता लगेच सांगते. खूश होतील. तुला खोटं वाटेल, पण इतके बदललेत ना ते ... हो ... अगदी खरं."

"मी इथं आहे," मी म्हणालो. "दे."

ती थांबली. "काय? आवाज? कसला आवाज? ... नाही गं, घरात कोण असणार. मी एकटीच आहे. खिडकी वाजत असेल."

तिनं उठून खिडकी लावली.

फोन झाल्यावर तिनं चहा केला. दोन कप. ते ट्रेमध्ये ठेवले, वर बशी झाकली, आरशात बघून केस सारखे केले. मी तिच्या मागे मागे दारापर्यंत गेलो. तिनं दिवा मालवला, पंखा बंद केला, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि रिकाम्या घराला लावतात तसं बाहेरून कुलूप लावलं.